पाकीट परत करणाऱ्या काकांना

तीर्थरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही विषय पावसावर नाहीतर म्हशीवर नेता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. नातू मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून गोठ्यात जाऊ नका, एवढं ऐका.

मी पतसंस्थेत कामाला, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या पैशात. मृगाच्या आधी बी-खतासाठी पाटल्या, बोरमाळा तारण म्हणून येतात, सुगी झाली की सुटतात. काही सुटतच नाहीत. हातात पैसा नसला की घराचं काय होतं ते काउंटरवर बसून रोज दिसतं. त्यामुळे पैसा म्हणजे हाताचा मळ वगैरे माझ्या तोंडून निघणार नाही. ते वाक्य मी बहुधा भरल्या पोटाच्या लोकांकडूनच ऐकलंय.

पण त्या सुगीत माझ्याकडे पैसे होते आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. बाबांचा पाय प्लास्टरात, बासमती कापून वाळायला शेतात पसरलेली आणि आभाळ भरून आलेलं. बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगावच्या शिवारातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कापलेलं भात भिजून पडून राहिलं की दाणा काळा पडतो, मोड येतात, व्यापारी हात लावत नाही. त्यात पावसात शेतात शिरणारा बळ्ळारी नाला जवळ. मी फोनवर दुप्पट मजुरी कबूल केली, मग तिप्पट. पण सगळ्या शिवाराचंच भात पसरलेलं. ज्याच्या त्याच्या घरातली माणसं ज्याच्या त्याच्या शेतात. विकत घ्यायला माणूसच शिल्लक नाही म्हटल्यावर नोटा काय करणार?

तुमचंही तसंच पडलं होतं. बांधलेल्या भाऱ्यांवर ताडपत्री टाकून, उरलेलं तसंच सोडून तुम्ही काकूंना, सुनांना आणि भावकीतल्या पोरांना घेऊन आमच्या वाफ्यात उतरलात. कुणी बोलावलं नव्हतं. बाबा घरात खाटेवर बसून फोनवरून माझ्यामार्फत गंजी कशी रचायची ते सांगत होते आणि तुम्ही 'होय की, होय की' म्हणत तुमच्याच पद्धतीनं रचत होता. रात्री पाऊस कोसळला तेव्हा आमची गंजी झाकलेली होती. तुमचं उरलेलं भात भिजलं, हे मला नंतर काकूंकडून कळलं. तुम्ही अजून त्यातलं अवाक्षर काढलेलं नाही.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल तसा हिशेब मांडला. सगळ्यांची मजुरी, शिवाय भिजलेल्या भाताची किंमत. पाकीट घेऊन आलो. तुम्ही ते उघडलंही नाही. "पैसं कशाला आणलास? वाटाणा पेरायला ये की."

तुम्हाला पैशाचं वावडं आहे असं कुणी समजू नये. त्याच आठवड्यात पोत्यामागचा कडता, म्हणजे वजनातली कपात, जास्त धरला म्हणून तुम्ही व्यापाऱ्याशी भर बाजारात भांडलात, आणि किलो-किलोचे पैसे वसूल केलेत. मला हेच फार आवडलं. कुठे मोजायचं आणि कुठे मोजायचं नाही, हे तुमचं ठरलेलं आहे. आमचं हल्ली सगळंच मोजण्यात जातं. हलगा-मच्छे बायपासचा वाद सुरू झाल्यापासून शिवारात चार माणसं जमली की गुंठ्याचा भाव निघतो. यंदा मसूर कसा आलाय, हे पाहुणेसुद्धा विचारत नाहीत. कुणाची जमीन जाणार, कुणाची राहणार, मोबदला किती, हे प्रश्न खरेच आहेत. ज्याची जाते त्याला त्यातला रुपया न् रुपया मिळालाच पाहिजे. पण ऐन सुगीत बांध ओलांडून येणारा शेजारी त्या मोबदल्यात कुठल्या रकान्यात बसवायचा, ते मला आकडेमोडीत इतकी वर्षं काढूनही समजलेलं नाही.

तुम्ही ते पाकीट घेतलं असतंत तर मी मोकळा झालो असतो. पावती फाडल्यासारखं. रस्त्यात भेटलो असतो तर 'बरं हाय न्हवं?' म्हणून पुढे गेलो असतो. शहरात असं मोकळं होणं लागतंच, दर दुकानदाराशी कुठे नातं जोडत बसणार? पण तुम्ही मला मोकळं केलं नाहीत, म्हणून वाटाणा पेरायला आलो, कंबर धरून बसलो, सुनांनी पोटभर हसून घेतलं आणि काकूंच्या हातची भाकरी खाल्ली. बाबा आणि तुमच्यात बांधावरून जो जुना अबोला होता, तोही त्या दुपारीच कधीतरी संपला. कसा, ते दोघंही सांगत नाहीत.

काका, मनापासून आभार. यातून फिटलं असं मी धरत नाही, तुम्हीही धरू नका.

आणि एक काम राहिलंय. तुमच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव चुकीचं चढलंय आणि तो कन्नड कागद तुम्ही कपाटात तसाच ठेवलाय, असं नातू म्हणाला. सोमवारी मी अर्धी रजा टाकतोय. जुना उतारा आणि आधार कार्ड घेऊन तहसीलदार कचेरीपाशी या, अर्ज मी कन्नडमध्ये लिहून देतो. येताना चहाचे पैसे तुम्ही द्यायचे.

तुमचा,
बांधापलीकडचा