प्राजूला, रविवारच्या आधी

प्राजू बाळा,

तुझा मेसेज काल रात्री बघितला. "रविवारी वाफेवर चालवणार, व्हिडिओ पाठवते", एवढंच. कोयना एक्स्प्रेसमधे बसल्यापासनं हा पहिला मेसेज, आणि तो पण मम्मीच्या फोनवर. मम्मीनं मला दाखवला, फोन ओट्यावर ठेवला आणि परत भाकरी थापायला लागली, एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं फोन करावा, पण फोनवर आपल्या दोघांचं काय होतं ते तुला माहीत आहे, तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो. म्हणून टाइप करतोय, वेळ लागला तरी चालेल.

आधी चांगलं सांगतो. तुझं ते छोटं वाफेचं इंजिन लई भारी झालंय. तू होतीस तेव्हा तोंडातनं निघालं नाही. संजूकाकाच्या गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा लावली आणि जेमतेम 10 पाउंड दाबाला फ्लायव्हील फिरायला लागलं, तेव्हा संजू मला म्हणाला, दादा हे पोरीनं केलं? मी म्हटलं सगळं तिनंच केलं, मी फक्त लेथ पुसून ठेवत होतो. तू हँडलखालचा तेलाचा डाग पुसत होतीस, तुला ऐकू गेलं नसणार. हळू फिरताना पण कुठं अडकत नव्हतं, वरच्या टोकाला नाही, खालच्या नाही. तिथं कळतं काम कसं झालंय ते. जोरात काय, कसलंपण इंजिन फिरतं.

बॉयलरचं मी या पत्रात काही बोलणार नाही असं ठरवून बसलोय. फक्त एवढंच सांग, पाण्याच्या दाबाची टेस्ट केलीस का? हो किंवा नाही.

तुला आठवतंय का, हे सगळं चालू कसं झालं? दहावीच्या सुट्टीत तू इंग्लंडच्या स्टुअर्ट टर्नरच्या त्या 10व्ही किटचा व्हिडिओ दाखवलास, सिलेंडरचं भोक म्हणजे बोअर पाऊण इंची, पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक पाऊण इंची, आणि म्हणालीस पप्पा हे मागवूया. मी म्हटलं कोल्हापुरात राहून बिडाचं कास्टिंग इंग्लंडवरनं मागवायचं म्हणजे म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवारांसारख्या कारागिरांच्या गावात राहून आपण काय शिकलो? उद्यमनगरात लाकडी पॅटर्न होईल, शिरोलीत ओतून मिळेल. आणि पाऊण इंचीचे पोर्ट, वाफेच्या बारीक वाटा, तुला कानशीनं जमणार नाहीत म्हणून आपण 25 मिलिमीटर बोअर धरला. पॅटर्नवाल्या आजोबांनी तुला आकसण्याचं गणित शिकवलं, बीड थंड होताना शंभराला एक आकसतं म्हणून लाकूड तेवढं मोठं ठेवायचं, वर मशिनिंगला वेगळं. तू ते पाटीवर नाही, हातावर पेननं लिहून आणलंस. आणि पहिल्या सिलेंडरला शेवटच्या कटात ब्लोहोल निघाला. सगळं बोअर आरशासारखं आणि मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा खड्डा. मला वाटलं आता ही सोडून देणार. तू जेवली नाहीस, आज्जीशी पण बोलली नाहीस, आणि सकाळी उठून विचारलंस, दुसरं कधी ओततील? त्या दिवशी मी आण्णांच्या फोटोकडं बघून मनात काय म्हटलं ते तुला सांगणार नाही.

बोअरवरनं आठवलं. जेम्स वॅटचं वाफेचं इंजिन एवढी वर्षं अडून बसलं होतं ते डोकं कमी पडलं म्हणून नाही, गोल भोक पाडणारा कुणी नव्हता म्हणून. विल्किन्सननं 1774 ला बोअरिंग मशीन केलं आणि मग गाडी पुढं गेली. 50 इंची सिलेंडरमधे जुन्या शिलिंगच्या जाडीएवढा पण फरक नाही म्हणून वॅटचा पार्टनर बोल्टन खूश होऊन पत्र लिहीत होता. आणि माझी पोरगी आण्णांच्या जुन्या लेथवर, ज्याचा बेड चकाजवळ घासलाय, दोन शतांशात बोअर काढते. एकाच सेटिंगमधे बोअर आणि फेस, चकातनं जॉब काढायचा नाही, हे मी एकदाच सांगितलं होतं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या पोरांना हेच सांगून माझं तोंड दुखायचं.

आणि तो व्हॉल्व्ह सेट करतानाचा रविवार. स्टीम चेस्टचं झाकण काढून तू टॉर्च तोंडात धरून बसलीस, एका हातानं फ्लायव्हील केसभर केसभर फिरवत. क्रँक वरच्या टोकाला आला की पोर्टची काळी रेघ दिसायला पाहिजे, तशीच खालच्या टोकाला, आणि दोन्ही रेघा सारख्या. वर जाड दिसायची, खाली दिसायचीच नाही. स्पिंडलवरचा नट अर्धा फेरा फिरव, परत बघ. एक्सेन्ट्रिक, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी चकती, क्रँकच्या 90 अंश पुढं आणि वर थोडा अ‍ॅडव्हान्स, हे पुस्तकात एका ओळीत असतं पण तो ग्रब स्क्रू आवळताना एक्सेन्ट्रिक हलतो आणि सगळं परत पहिल्यापासनं. मम्मीनं तीनदा चहा गरम केला. शेवटी दोन्ही रेघा सारख्या दिसल्या तेव्हा तू मला हाक मारली नाहीस, नुसतं माझ्याकडं बघितलंस.

तर सांगायचं हे की इंजिनाबद्दल मला काळजी नाही. इंजिन बिघडलं तर थांबेल, एवढंच. बॉयलर थांबत नाही, प्राजू.

बघ, परत तिथंच आलो. आता आलोच आहे तर पूर्ण बोलतो, मग परत विषय काढणार नाही. तो मागच्या प्लेटचा खालचा जोड. हुपरीच्या मामांकडं आपण डाख लावायला गेलो तेव्हा बाकीचे जोड नीट झाले, टाकणखार वितळून काचेसारखा झाला आणि डाख एका बाजूनं लावला तर दुसऱ्या बाजूला चकाकत बाहेर आला, मामांनी आयुष्यभर पैंजणांना डाख दिलाय, त्यांचा डोळा चुकत नाही. पण शेवटच्या जोडाला सिलेंडरचा गॅस कमी पडला, तांबं एवढं मोठं, उष्णता सगळीकडं पळते, आणि डाख सहाशे अंशाच्या पुढं गेल्याशिवाय धावत नाही. बाहेरनं रेघ दिसते. आतनं धावला की नुसता वर चिकटला ते मला दिसलं नाही, मामांना दिसलं नाही, तुलाही दिसलेलं नाही. तू म्हणालीस झालाय. झाला असेल. मला ते 6 किलो दाबाला बघायचंय.

तू इंजिनिअर आहेस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त येतं, तरी लिहितोच. आपला बॉयलर लिटरभराचा. 3 किलोला आतलं पाणी 143 अंशावर असतं आणि तरी पाणीच असतं, कारण दाब त्याला धरून ठेवतो. जोड सुटला की दाब गेला, आणि त्या पाण्याचा बारावा हिस्सा जरी लगेच वाफ झाला तरी शंभर लिटरच्या वर वाफ एका झटक्यात त्या बाल्कनीत. तुझी बाल्कनी केवढी आहे मी बघितली आहे. कपडे वाळत घालायला दोघी उभ्या राहत नाहीत तिथं. आणि तू तोंड जवळ नेऊन बघणार, मला माहीत आहे, तू लहानपणापासनं सगळं तोंड जवळ नेऊनच बघतीस. 25 लिटरच्या आतला बॉयलर कायद्यात बसत नाही, म्हणजे कुणी इन्स्पेक्टर तुझ्या दारात येणार नाही, कुणी शिक्का मारणार नाही, कुणी थांब म्हणणार नाही. मग मी म्हणतो थांब, तर त्यात एवढं काय?

लेक्चर झालं. सॉरी बाळा. खरंच सॉरी. मम्मी म्हणते तुम्ही पोरीला सर्व्हिस मॅन्युअल वाचून दाखवता.

पण बाळूकाकाचं तुला कधी नीट सांगितलं नाही. तू लहान होतीस, तुला वाटायचं त्यांचा हात जन्मापासनं तसाच आहे. सीझनमधे आम्ही दोघं एका कारखान्यात फिटर म्हणून जात होतो, बॉयलर हाऊसला. रात्रपाळीला एका फ्लँजचं गॅस्केट गेलं होतं. आवाज येत होता, पण दिसत काही नव्हतं. वाफ दिसत नसते गं, दिसतो तो थंड झाल्यावरचा पांढरा धूर, भोकाजवळ वाफ काचेसारखी असते. जुने लोक काठीला चिंधी बांधून पुढं फिरवत जायचे, चिंधी उडाली की समजायचं. बाळूनं हात पुढं करून बघितलं. एवढंच केलं त्यानं. मी चार पावलं मागं होतो. त्यानंतर तो लेथवर बसला नाही, आणि माझ्यापेक्षा चांगला टर्नर होता तो. तू त्या दिवशी बर्नर पेटवायला निघालीस तेव्हा मला तू दिसत नव्हतीस, बाळू दिसत होता. म्हणून मी बर्नर काढून घेतला आणि आजही तसाच घेईन.

तू म्हणालीस, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही." ते वाक्य मी रोज उद्यमनगरात जाताना येताना चघळतोय. प्राजू, तुझ्या हातावर माझा विश्वास नसता तर मी सिलेंडरला हात लावू दिला नसता. आण्णा मिरजेला पंढरपूरच्या छोट्या गाडीवर फायरमन होते, सगळी नोकरी त्यात गेली, आणि तरी रोज सकाळी इंजिनावर चढलं की पहिल्यांदा वॉटर ग्लासचा कॉक उघडून पाणी सोडून बघायचे की काचेतलं पाणी खरं आहे का नळी तुंबलीय. मी विचारायचो, काल तर बघितलं होतं. ते म्हणायचे, कालचा बॉयलर काल होता. त्यांना त्या इंजिनावर राग नव्हता, आणि माझाही तुझ्यावर नाही.

तुझा नवीन बर्नर कसला आहे ते कळव. आणि रूममेटला त्या वेळी आत थांबायला सांग. आणि गाऊन घालून करू नकोस, कॉटनची पॅन्ट, बूट, चष्मा. जेवतीस का वेळेवर? भोसरीवरनं यायला किती वाजतात हल्ली? मम्मीला म्हणे तू साडेनऊ सांगितलंस, मला ते पटलेलं नाही.

रंगाचं सांगायचं राहिलं. तो गडद हिरवा आणि फ्लायव्हीलच्या कडेला लाल, मला आधी वाटलं लालची काय गरज, पण उन्हात ठेवल्यावर तूच बरोबर होतीस. पुट्टी मारून घासलेलं कुठं कळतसुद्धा नाही, एकदम कंपनीचं वाटतं. सिलेंडरवरच्या सागवानी पट्ट्या आज्जीला दाखवल्या फोटोत, तिनं देव्हाऱ्याचं लाकूड लगेच ओळखलं, काही बोलली नाही, फोटो मोठा करून परत बघितला. पहिल्यांदा तापल्यावर पेंटचा वास येईल थोडा, घाबरू नकोस.

आता कामाचं. प्लंबर लोक वापरतात तो हातपंप मी आज संध्याकाळी ट्रॅव्हल्सनं पाठवतोय, उद्या सकाळी स्वारगेटला उतरेल, ड्रायव्हरचा नंबर मम्मी पाठवेल. बॉयलर पूर्ण पाण्यानं भर, हवेचा बुडबुडा राहू देऊ नकोस. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि गेज काढून तिथं प्लग मार, गेज पंपालाच आहे. एकेक किलोनं चढव, मधे थांब, कोरड्या फडक्यानं सगळे जोड पूस आणि बघ. डाख देताना तांबं लाल झालं होतं, ते मऊ पडलंय, घाई करू नकोस. 6 किलोला अर्धा तास काटा हलला नाही तर झालं, माझं तोंड बंद. हलला तर नुसतं पाणी झिरपेल, कुणाला काही होणार नाही, परत हुपरीला येऊ. कंपनीतली एअर लाइन लावून टेस्ट करायची नाही, हे मात्र मी ऐकून घेणार नाही, कोंडलेली हवा पाण्यासारखी गुमान सुटत नाही.

टेस्ट झाली की वाफेच्या दिवशी पहिल्यांदा इंजिनाचा कॉक बंद ठेवून पूर्ण जाळ लाव आणि सेफ्टी व्हॉल्व्ह 3 ला उडतो का आणि उडाल्यावर काटा तिथंच थांबतो का ते बघ. गेजच्या नळीला वळण ठेवलंस ना, त्यात पाणी राहायला पाहिजे, नाहीतर गेज भाजेल. मग इंजिन. ड्रेन कॉक उघडे ठेवूनच वाफ सोड, गार सिलेंडरमधे पहिली वाफ पाणीच होते आणि पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकेल. दोन्हीकडनं थुंकणं थांबलं की मग बंद कर. तेल साधं इंजिन ऑइल नको, वाफेत त्याचा ताकासारखा लगदा होतो, स्टीम सिलेंडर ऑइलची छोटी बाटली पंपाच्या बॉक्समधे ठेवली आहे.

मला यायला सांगितलंस तर शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं येतो, एका बाजूला उभा राहीन, बोलणार नाही. नको म्हणालीस तर येणार नाही, तेही चालेल. पण टेस्टचा फोटो पाठव, गेज दिसला पाहिजे आणि घड्याळ दिसलं पाहिजे, आधी एक आणि अर्ध्या तासानं एक. माझ्या फोनवर पाठव, मम्मीच्या नको.

पंपाच्या होजला पाव इंची बीएसपी आटे आहेत आणि तुझं बॉयलरचं बुश एक अष्टमांश, मी आज गनमेटलचा अ‍ॅडॅप्टर करून घेतलाय, टेफ्लॉन टेप दोन रोल सोबत आहेत. कांदा-लसूण चटणी वेगळ्या पिशवीत आहे, पंपात थोडं पाणी राहिलंय, बॉक्स आडवा करू नकोस.

तुझे,
पप्पा