उडत्या खारीच्या पिल्लाला दूध पाजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एक फोटो आला होता, ड्रॉपरने दूध पिणारं उडत्या खारीचं पिल्लू आणि वर हेडिंग 'तरुणांनी दिलं जीवदान'. ती मुलं चांगल्या मनाची असणार, त्यांच्यावर माझा राग नाही. पण तो फोटो बघून पोटात गोळा आला, कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी तसाच ड्रॉपर धरून बसलो होतो आणि माझ्या हातातलं पिल्लू तिसऱ्या दिवशी मेलं. म्हणून हे पत्र.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात, आंबोलीच्या खालच्या अंगाला. मे महिन्यात घरामागचा जुना आंबा पाडायला घेतला होता, वाळवी लागलेली, पावसात घरावर यायची भीती. मशीन लागलं आणि वरची ढोली फुटली तशी आतून मांजराएवढी खार निघाली आणि चारी पाय ताणून, अंगाची चादर करून, समोरच्या ऐनाच्या झाडावर जाऊन चिकटली. आम्ही सगळे मोबाईल काढून व्हिडिओ काढत बसलो. खाली पालापाचोळ्यात एक पिल्लू पडलेलं, डोळे मिटलेले, अंगावर नुसती लव, आणि दोन्ही बाजूला पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची सैल घडी. ती घडी बघितली की ओळखायचं, ही साधी पट्ट्यांची खार नव्हे, शेकरूही नव्हे. शेजारचे आजोबा म्हणाले, "खंय नेतंस तेका? थंयच ठेव, रातीक आवस येतली." (म्हणजे तिथेच ठेव, रात्री आई येईल.) मी म्हटलं आजोबा, कुत्री खातील. आणि उचलून घरात आणलं. आई समोर ऐनावर बसलेली सगळ्यांना दिसत होती, म्हणजे ते पिल्लू अनाथ नव्हतंच, अनाथ मी केलं!

घरात आणल्यावर काय, गाईचं दूध, थोडं पाणी, चिमूटभर साखर. पिल्लू अंगाला गार लागत होतं तरी पाजलं, उताणं धरून पाजलं, तान्ह्या बाळाला मांडीवर घेतात तसं. नाकातून दुधाचे बुडबुडे आले तर वाटलं पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशी जुलाब, मग श्वास घेताना टिकटिक आवाज, आणि तिसऱ्या पहाटे संपलं. नंतर एका जनावरांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, आणि मग मला कळलं की मी एक नाही, ओळीने चार-पाच चुका केल्या होत्या.

पहिली गोष्ट ऊब. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालतच नाही, त्यात दूध घातलं की ते तसंच कुजतं. आधी ऊब, खायचं नंतर. गरम पाण्याची बाटली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे फार तापलं तर पिल्लाला सरकायला जागा राहते. सुती कपडा चालतो, पण टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात. दुसरी गोष्ट, गाईम्हशीचं दूध पचतच नाही, त्यातली साखर बाधते आणि जुलाब लागले की एवढ्याशा जिवातलं पाणी कधी जातं कळत नाही. जाणकार लोक कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरतात, ती पण आधी अंगातली पाण्याची कमी भरून काढल्यावर, आणि सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने थेंब थेंब, पिल्लू पोटावर पालथं किंवा उभं धरून. नाकातून बुडबुडे म्हणजे दूध फुप्फुसात गेलं, म्हणजे निमोनिया. आणि जे मला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं ते म्हणजे डोळे न उघडलेलं पिल्लू आपणहून शू करत नाही, आई चाटते तेव्हा होते, म्हणून दर खेपेला कोमट ओल्या कापसाने हलकेच पुसावं लागतं.

आता हे वाचून कोणी म्हणेल की चला, कळलं सगळं, आता घरीच वाढवू. तर नाही हो! हे सगळं दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी करायचं असतं. आणि जगलं तरी पुढे काय? शेंगदाणे-बिस्किटं खाऊन कॅल्शियमविना हाडं ठिसूळ होतात, माणसाची सवय लागते, झाडावरून झाडावर झेप कशी घ्यायची, कुठल्या उंबराला फळं आलीत, हे तिला आपण कसं शिकवणार? शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उडती खार संरक्षित आहे, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग मन कितीही चांगलं असो.

रील्सचा पण यात मोठा हात आहे असं मला वाटतं. अमेरिकेतल्या त्या मुठीत मावणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या उडत्या खारी लोक खिशात घालून फिरवतात, आणि बऱ्याच व्हिडिओत तर ती खारच नसते, शुगर ग्लायडर असतो, म्हणजे कांगारूसारखा पिशवीवाला ऑस्ट्रेलियाकडचा प्राणी, खारीशी काही नातं नाही. आपल्या सह्याद्रीतली उडती खार दीड-दोन किलोची, शेपूट धरून तीन फुटांची, रात्रभर जंगलात फिरणारी. ती काय खिशात राहणार.

गेल्या वर्षी वाडीत परत तसंच झालं, यावेळी वादळाने फणसाची फांदी मोडली. पोरं धावत माझ्याकडे आली (माझी ख्याती अशी झालीय की काही सापडलं की माझ्याकडे, पहिल्याचं काय झालं ते कोणाला सांगितलंच नाही मी). यावेळी आधी वनखात्याच्या 1926 ला फोन केला, आमच्या वनरक्षकाचा नंबर मिळाला, तो म्हणाला जखम बघा, नसेल तर आईकडेच द्यायचं बघू, मी निघतो. पिल्लाला खरचटलं पण नव्हतं. काजू गोळा करायची जुनी टोपली घेतली, तळाला सुकी पानं आणि कापडात गुंडाळलेली कोमट बाटली, आणि त्याच फणसाला जेवढं उंच बांधता येईल तेवढं बांधलं. दोरीला खाली तेल लावलं डोंगळे चढू नयेत म्हणून. कुत्री बांधली, अंगणातली लाईट बंद, सगळ्यांना घरात कोंडलं, आणि पोरांना शांत ठेवणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, खरं सांगतो. दोनदा बाटली बदलायला गेलो, तेवढंच. अंधार पडून अर्धा तास झाला असेल, वरून झप्पकन काहीतरी खोडावर येऊन बसलं, खालून वर सरसर चढलं, टोपलीत डोकं घातलं. परत दिसलं तेव्हा तोंडात पिल्लू होतं. मी खिडकीत उभा, आणि आजोबा चार वर्षांपूर्वी काय बोलले होते ते आठवत होतं. ते आता नाहीत, नाहीतर जाऊन सांगितलं असतं.

दरवेळी आई येईलच असं नाही. मेलेली असेल, पिल्लाला मांजराने तोंड लावलेलं असेल, तर रात्रभर वाट बघू नये, ऊब देऊन वनखात्याकडे द्यावं. पण इथे खरी अडचण अशी की द्यायचं कुठे? पुण्याला बावधनला वनखात्याबरोबर रेस्क्यू संस्था चालवते तसं उपचार केंद्र आहे, पण आमच्याकडून तो दिवसभराचा रस्ता, डोळे न उघडलेलं पिल्लू तेवढं टिकणार कसं. एवढं जंगल असलेल्या आमच्या जिल्ह्याला तसं एक केंद्र हवं, यावर तुमच्या पेपरने लिहिलं तर बरं होईल. आणि जुनी ढोलीची झाडं, जी रबर आणि काजूच्या लागवडीसाठी सरसकट जातात, त्यावर पण. नवीन रोपाला ढोली धरायला कित्येक दशकं लागतात, तोवर या खारींनी घर कुठे करायचं? आता माझ्याकडे झाड पाडायचं असलं की आधी दिवसा खोडावर काठीने ठोकून बघतो आणि ढोलीतून कोणी डोकावलं तर काम पुढे ढकलतो.

ड्रॉपरचे फोटो मात्र कृपया छापू नका, आणि छापलेच तर खाली दोन ओळी तरी टाका. पत्र फार लांबलं, जागेप्रमाणे कापा, फक्त तो 1926 नंबर तेवढा ठेवा.

आपला एक वाचक,
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग