जुन्या जीपचे सील बदलण्याआधी गळतीचे कारण शोधा

माननीय संपादक,

पहिला पाऊस पडला की रस्त्यावरच्या तेलकट डागांवरून दुचाक्या घसरतात. त्या डागांत जुन्या जीपगाड्यांचाही वाटा असतो. ‘जीप म्हटली की थोडं ठिबकायचंच’ हे गॅरेजात इतक्या सहज बोलले जाते की मालकही ते मान्य करून गाडीखाली पत्र्याचा डबा ठेवतात. हे मान्य करण्याचे काही कारण नाही. फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबराची कडी, म्हणजे ऑईल सील, नवीन बसवले तरी चार महिन्यांत पुन्हा गळू लागते, कारण आधीचे का गेले हे कोणी पाहिलेले नसते.

हे पत्र अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या धर्तीच्या त्या जीपगाड्यांबद्दल आहे, ज्यांची जुळणी महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केली. तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स, त्याला मागून जोडलेली स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) आणि ट्रान्सफरच्या मागच्या शाफ्टवर हँडब्रेकचा ड्रम, अशी त्यांची रचना. मागचे सील गळाले की तेल थेट हँडब्रेकच्या लायनिंगवर, म्हणजे ड्रमला घासून तो थांबवणाऱ्या अस्तरावर, जाते. घाटात चढावर गाडी उभी करणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तेल मुरलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवू नये. गरम झाले की आतले तेल वर येते. ते बदलावेच लागते.

काम सुरू करण्याआधी चारही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके लावा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, सोडवला की ड्रमचा मागच्या चाकांशी संबंधच तुटतो आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळते.

मग खालचा सगळा भाग रॉकेल आणि ब्रशने धुऊन कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा आणि लगेच खाली जाऊन पाहा. वाऱ्याने तेल मागे पसरते, म्हणून सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा हाच गळतीचा उगम. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या पेटीच्या तळाशी असलेल्या भोकातून ठिबकत असेल तर थेंब बोटावर घ्या. काळे आणि पातळ असेल तर ते इंजिनच्या मागच्या सीलचे. पिवळसर, चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगच्या झाकणातून किंवा काउंटरशाफ्टच्या (गिअरबॉक्सच्या आतल्या खालच्या शाफ्टच्या) पुढच्या टोकाभोवतून येते. झाकणाखालचे कागदी पॅकिंग हाताने कापताना तेल परत जाण्याची वाट बुजते, ही चूक फार होते.

ट्रान्सफरच्या पुढच्या टोपणात शिफ्टच्या दोन दांड्या ये-जा करतात. त्यांना स्वतंत्र छोटी सील असतात. त्यांचे तेल खाली ओघळून पुढच्या योकवर (प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडतात त्या तोंडावर) येते आणि दोष योकच्या सीलवर जातो. शंभर रुपयांच्या कामासाठी योक उतरवला जातो तो यामुळे.

आता कारणांकडे. पहिले कारण तेलाची पातळी. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर यांच्यामध्ये पक्की भिंत नसते. मधल्या बेअरिंगभोवतून तेल एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सरकते. एक रिकामी होत जाते, दुसरी भरून वाहते, आणि भरलेली पेटी सीलमधून तेल बाहेर ढकलते. गाडी सपाट जागी उभी करून दोन्ही पेट्यांचे बाजूचे लेव्हल प्लग उघडा. तेल प्लगच्या खालच्या कडेला टेकलेले हवे. एका प्लगातून धार लागली आणि दुसऱ्यात बोट कोरडे राहिले, तर सील आणायला बाजारात जाऊ नका. मधली जागा उघडून पाहावी लागेल.

दुसरे कारण ब्रीदर, म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारे छोटे भोक. चिखलाने बुजला की गरम झालेल्या हवेला सीलच्या ओठाखेरीज वाट उरत नाही. तार घालून मोकळा करायला पाच मिनिटे लागतात.

तिसरे आणि सर्वात दुर्लक्षित कारण म्हणजे शाफ्टची ढिलाई. मागचा योक धरून पुढे-मागे हलवा. हाताला खटखट जाणवली तर कोणतेही सील टिकणार नाही, कारण हलणाऱ्या शाफ्टमागे रबराचा ओठ धावू शकत नाही. स्पायसर १८च्या या शाफ्टची खेळ (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) ०.००४ ते ०.००८ इंच, म्हणजे साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर हवी. ती मागच्या टोपणाखालच्या शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, बसवतात. शिम काढली की खेळ कमी होते. ही बारीक खेळ मोजणारे डायल गेज नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नये. अंदाजाने शिम काढल्या तर बेअरिंग आवळून जळते.

योक उतरवल्यावर सील जिथे घासते त्या जागेवर नख फिरवा. नख चरीत अडकले तर नवे सीलही तिथूनच गळेल. पातळ स्टीलची बाही चढवावी, नाही तर योक बदलावा. चर अगदी बारीक असेल तर सील एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवले तरी ओठ कोऱ्या जागेवर येतो. सीलचा ओठ तेलाच्या बाजूला, आतून-बाहेरून बोट फिरवून तेल लावलेला, आणि ठोकताना सीलच्या कडेएवढ्या रुंदीचा सपाट पाईप. स्क्रूड्रायव्हरने एकेक बाजू ठोकली की कडा वाकते. योकच्या आतल्या खाचांमधूनही तेल सरकत नटपर्यंत येते. वॉशरखाली सीलंटचा पातळ थर द्यायला विसरू नये.

ट्रान्सफरमधला मधला आडवा शाफ्ट मागून बसतो आणि एका पट्टीने अडकवलेला असतो. तिथे ओल दिसली तर शाफ्टच्या मागच्या टोकाला सीलंट लावून बसवतात. पण पट्टी सैल पडून शाफ्ट पेटीतल्या त्याच्या भोकात फिरला असेल तर ते भोक मोठे झालेले असते, आणि मग सीलंटने भागत नाही. नवा शाफ्ट आणताना व्हर्निअरने जाडी मोजा. हे शाफ्ट ३/४, १ १/८ आणि १ १/४ इंच अशा वेगवेगळ्या जाडीचे आहेत. ट्रान्सफरच्या तळाचे पत्र्याचे झाकण बोल्ट जास्त आवळल्याने भोकांभोवती फुगते. नव्या पॅकिंगआधी ते सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने बसते करावे.

तेल दोन्ही पेट्यांत एकच घाला: एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० (हे जाडीचे आकडे), जीएल-४ दर्जाचे. दुकानदार ‘हे त्याहून भारी’ म्हणत जीएल-५ देतात. त्यातली जास्तीची गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत, आणि ट्रान्सफरमधले थ्रस्ट वॉशरही (शाफ्टवरचा आडवा दाब झेलणाऱ्या चकत्या) काशाचेच असतात. जीएल-५ची जागा डिफरन्शिअलमध्ये. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी औषधे रबर फुगवतात. काही आठवडे बरे वाटते, मग रबर मऊ पडून जास्त गळते.

काढलेले तेल गटारात ओतू नये, वाळवीसाठी लाकडाला फासू नये. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते; ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवे. नवे तेल भरल्यावर शंभर किलोमीटरनंतर दोन्ही लेव्हल प्लग पुन्हा उघडून पाहावेत.

आपला,
जुन्या जीपगाड्यांच्या दुरुस्तीतला एक वाचक