कातळशिल्पांसाठी फिल्म कोणती?

महोदय,

कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) कॅमेऱ्यांची वर्दळ वाढली. त्यांत फोर बाय फाइव्ह (चार बाय पाच इंची) कॅमेरा आणि कृष्णधवल शीट फिल्म (सुट्या तावांची) घेऊन जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे पत्र.

फिल्मची चर्चा सुरू झाली की गाडी ग्रेनवर, म्हणजे चित्रातल्या रवाळपणावर, घसरते. एवढ्या निगेटिव्हवरून सोळा बाय वीस इंचांची प्रिंट केली तरी ती फक्त चौपट मोठी होते. इल्फर्डच्या जास्त संवेदनशील एचपी ५ फिल्मचाही ग्रेन तिथे खुपत नाही. पाहायचे ते फिल्मला कोणते रंग दिसतात हे.

जांभा वरून काळपट असला तरी मुळात तांबूस. शिल्पांच्या खोदरेषा उथळ, म्हणून फोटो सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातच काढायचा. तेव्हा रेषेच्या सावलीत पोचतो तो मुख्यतः आकाशाचा निळा उजेड. नारिंगी फिल्टर निळा अडवतो, त्यामुळे सावली गडद होते, उन्हातला दगड उजळतो आणि रेष उठून येते. ऑर्थो फिल्म लाल दिव्यात हाताळता येते, म्हणून अनेकांना मोह होतो. पण तिला लाल दिसत नाही आणि निळा भरपूर दिसतो. दगड काळा, सावली भरलेली, शिल्प गायब! इथे सगळे रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिकच हवी.

आमची पसंती इल्फर्ड एफपी ४ प्लस, आयएसओ १२५. फिल्टरसाठी दोन स्टॉप वाढवायचे (दर स्टॉपला उजेड दुप्पट). वाऱ्याने गवत हलत असेल तर मात्र एचपी ५. शटर दीड स्टॉपाहून थोडा जास्त वेगवान मिळतो.

फोमापॅन १०० स्वस्त आहे आणि उन्हात चांगली चालते. देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात एक्स्पोजर लांबते, फिल्मची संवेदनशीलता घटते आणि तिचा हिशेब बिघडतो. मीटरने १० सेकंद सांगितले तर तिला ८० द्यावे लागतात, एफपी ४ ला साधारण १८ आणि कोडॅकच्या टी-मॅक्स १०० ला १५. शिवाय फोमापॅनचा प्रकाशसंवेदी थर ओला असताना नाजूक असतो, ट्रेमध्ये सहज ओरखडतो.

फिल्म फ्रीजमधून काढल्यावर पाकीट दोन-तीन तास उघडू नये. आपल्या दमट हवेत लगेच दव धरते. होल्डर (कॅमेऱ्यात फिल्म बसवायची चौकट) भरताना शीट उभी धरावी. शीटच्या कडेच्या खाचा वर उजव्या कोपऱ्यात लागल्या की थर आपल्याकडे आहे. उलटी भरली तर मागच्या रंगीत लेपातून उजेड येतो आणि निगेटिव्ह जवळपास कोरी निघते. चेंजिंग बॅगेत (हात घालून फिल्म भरायच्या अंधाऱ्या पिशवीत) हात घामेजतात, बोटांचे डाग कायमचे राहतात. रात्री बंद खोलीत, पंखा बंद ठेवून भरावी. पंख्याने धूळ उडते.

खरी गडबड फिल्म धुण्यात, म्हणजे डेव्हलप करण्यात होते. एफपी ४ ला डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, २० अंशांना ११ मिनिटे. मे महिन्यात नळाचे पाणी ३० अंशांच्या आसपास. तेवढ्या गरम डेव्हलपरमध्ये वेळ इतका आखडतो की आकाशात पट्टे उमटतात. २४ अंशांना साडेसात-आठ मिनिटे जमतात. बर्फ पिशवीत बांधून बाहेरच्या परातीत ठेवावा, द्रावणात टाकू नये. नुसता डेव्हलपर गार करून पुढे कोमट पाण्यात धुतले तर जिलेटिन फुगून सुरकुतते. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाचे हवे. शेवटचा हात डिस्टिल्ड पाणी आणि वेटिंग एजंटच्या (पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या रसायनाच्या) दोन-चार थेंबांचा. बोअरवेलचे पाणी तिथे वापरू नये, क्षारांचे डाग वाळल्यावर निघत नाहीत.

– दोन वाचक, रत्नागिरी