वॉरंटी आहे, पण कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकला रविवार कारंज्याच्या परिसरात गेली अठ्ठावीस वर्षे मी कॅमेरे दुरुस्त करतो. कंपनीच्या वॉरंटीशिवाय बाहेरून आणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांच्या ज्या धंद्याविषयी हे पत्र आहे त्याच्यावर माझे पोटही थोडेफार चालते, हे आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने हात झटकले की लोक माझ्याकडे येतात.

तुळशीची लग्ने लागली आणि लग्नसराई सुरू झाली, त्याच आठवड्यात ओझरचा एक मुलगा आला. लग्नाचे फोटो काढतो, हाताखाली एकच पोरगा. सात महिन्यांपूर्वी घेतलेल्या कॅमेऱ्याचा शटर ऐन मंगलाष्टकांत अडकला होता. कॉलेज रोडच्या दुकानात त्या बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, किंमत १,२४,००० रुपये होती. मोबाइलवर जाहिरात दिसली, त्या वेबसाइटवर तीच बॉडी १,०३,५०० ला मिळाली. पानावर ठळक लिहिले होते, ‘एक वर्ष वॉरंटी’. सर्व्हिस सेंटरने सीरियल नंबर टाकून पाहिला आणि सांगितले, हा पीस भारतातल्या विक्रीचा नाही. याने विचारले, मग पैसे घेऊन तरी करा. त्यालाही नकार. खोक्यातले वॉरंटी कार्ड नीट पाहिले तेव्हा कळले की त्यावर शिक्का कंपनीचा नाहीच, परराज्यातल्या कुठल्याशा दुकानाचा आहे. तिथे फोन केला तर ‘माल पाठवा, दीड महिना लागेल’. दुसऱ्या आठवड्यापासून फोन उचलणे बंद. बिल मागितले तर हातात डिलिव्हरी चलन, त्यावर जीएसटी नंबर नाही.

“काका, पण लिहिलं होतं ना वॉरंटी आहे म्हणून!” तो पुन्हा पुन्हा हेच म्हणत होता. लिहिले होते हे खरेच. कोणाची, ते लिहिले नव्हते.

बाजारात याला ‘ग्रे’ किंवा ‘इंपोर्टेड’ माल म्हणतात. तो नकली असतोच असे नाही. बहुतेक वेळा कारखान्यातून निघालेला अस्सलच असतो, फक्त दुसऱ्या देशात विकण्यासाठी बनलेला आणि कंपनीच्या अधिकृत आयातदाराला वगळून इथे आलेला. प्रत्येक वेळी तो बेकायदाही नसतो. २०१२ साली सॅमसंगच्या प्रिंटरच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने असा अस्सल माल बाहेरून आणून विकायला मुभा दिली. मात्र एक अट घातली. हा माल आयात केलेला आहे, त्यावर कंपनीची वॉरंटी नाही, सेवा आम्ही स्वतः देऊ, असे विक्रेत्याने दुकानात ठळकपणे लावावे. माझे सारे म्हणणे त्या एका पाटीपुरते आहे. वेबसाइटवर ती पाटी कुठे असते?

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० पासून लागू आहेत. वॉरंटीची माहिती, मालाचा मूळ देश, आयातदाराचे नाव हे सगळे दाखवायला त्यात सांगितले आहे. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हेही आहे. पण ‘एक वर्ष वॉरंटी’ असे मोघम लिहिले की विक्रेत्याला वाटते आपले काम झाले. ‘कंपनीची’ की ‘विक्रेत्याची’ हा एक शब्द सक्तीचा करा, आणि तो किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापायला लावा. संपादक महोदय, राग मानू नका, पण आपल्या दैनिकातही सणासुदीला इलेक्ट्रॉनिक्सच्या पानपानभर जाहिराती येतात. हा शब्द त्यातही असावा.

स्वस्त घेणाऱ्याला मूर्ख म्हणणारे लोक मला पटत नाहीत. वीस हजार म्हणजे त्या मुलाची अख्ख्या लग्नाची कमाई. शिवाय बाहेरचा माल आणण्याची हौस नाशिकला नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाऊन चित्रपटाचा विल्यमसन कॅमेरा खरेदी केला होता. पण ते स्वतः गेले आणि तिथे चार गोष्टी शिकून आले. माझ्या उमेदीच्या काळात दुबईहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून कॅमेरे यायचे. वॉरंटी तेव्हाही नव्हती, पण तो माणूस पुढच्या ईदला, दिवाळीला पुन्हा गावात यायचा. तीच वॉरंटी.

आणि तो स्वस्तपणा तरी किती खरा? कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. १ जानेवारी २०१९ च्या आधी तो २८ टक्के होता, तेव्हा फरकाचा मोह समजू तरी शकत होता. १,२४,००० मध्ये जवळपास १९ हजार रुपये कराचे आहेत. ज्या फोटोग्राफरकडे जीएसटी नोंदणी आहे, त्याला पक्के बिल घेतले तर व्यवसायासाठीच्या खरेदीवर एवढी रक्कम आपल्या करातून वजा मिळते. म्हणजे वीस हजारांचा फरक उरतो दीड हजारावर. नोंदणी नसलेल्याला हे लागू नाही. पण बिल नसले तर चोरी झाल्यावर पोलीस ठाण्यात आणि विम्याच्या दाव्यात काय दाखवणार?

खोके उघडल्यावरची गंमत तर माझ्याच टेबलावर कळते. किट म्हणून, म्हणजे बॉडी आणि लेन्स एकत्र, आलेल्या पॅकमधून लेन्स वेगळी काढून पांढऱ्या डब्यात विकतात, बॉडी वेगळी विकतात. अस्सल बॅटरीही अनेकदा काढून घेतात आणि जागी तशीच दिसणारी ठेवतात. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यातून उपसून काढणे हे माझे आवडते काम नाही. जपानच्या बाजारातले काही मॉडेल तर असे की मेनू फक्त जपानी भाषेत. सिडकोतल्या एका गिऱ्हाइकाने अख्ख्या मेनूचा अर्थ कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवला आहे. ‘नवा’ म्हणून घेतलेल्या बॉडीचा शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा, पाहिला आणि तो चार आकडी निघाला, असेही झाले आहे.

ओळखायचे कसे, असे सगळेच विचारतात. माझी पहिली नजर खोक्यावर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीकडे जाते. भारतात रीतसर आलेल्या मालावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापावेच लागते, २०११ च्या वैधमापन (वजन-मापे आणि पॅकबंद मालाच्या) नियमांनुसार. ती पट्टी नसेल तर पुढे बोलायचे कारण नाही. पट्टी असली तर खोके, बॉडी आणि कार्ड या तिन्हींवरचा सीरियल नंबर जुळतो का पाहावे आणि तो कंपनीच्या हेल्पलाइनला सांगून खात्री करावी. बिलावरचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. खोके उघडताना घरच्या कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगावे. मुलांना रील काढायची हौस असतेच.

फसलेल्यांनी गप्प बसू नये. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि विक्रेता परराज्यातला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. ओझरच्या मुलाला कोणीतरी सांगितले होते की तू धंद्यासाठी घेतलास, तू ग्राहक नाहीस. चूक आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहकच आहे.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. अस्सल वस्तू, पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार, तरी दुरुस्ती नाही, हा कुठला न्याय? सुटे भाग आमच्यासारख्या स्वतंत्र कारागिराला मिळत नाहीत, म्हणून बंद पडलेल्या दुसऱ्या बॉडीतून काढावे लागतात. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे, पोर्टल काढले, तरी माझ्या टेबलावर अजून एक स्क्रूही त्या वाटेने आलेला नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण म्हणजे २०२७ चा सिंहस्थ. जिल्ह्यातला प्रत्येक फोटोग्राफर, यूट्यूबवाला, नांदूर मध्यमेश्वरला पक्षी टिपणारा हौशी माणूससुद्धा नवी बॉडी, नवी लेन्स बघतो आहे. ड्रोनच्याही ‘ऑफर’ फिरत आहेत. सरकारी आणि संशोधनाचे काही अपवाद सोडले तर तयार परदेशी ड्रोन आयात करण्यावरच फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, हे त्या ऑफरमध्ये कोणी सांगत नाही. पर्वणीच्या स्नानांचे दिवस ऐन पावसाळ्यातले. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर भिजलेल्या कॅमेऱ्यांची रांग माझ्याकडे लागली होती. पाण्याने बिघडलेला कॅमेरा वॉरंटीत बसत नाही, कंपनीचा असो की ग्रे. पण कंपनीचा असेल तर निदान पैसे मोजून दुरुस्त तरी होतो. वैधमापन विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने या विक्रेत्यांची तपासणी आत्ताच करावी, रामकुंडावर गर्दी झाल्यावर नव्हे.

त्या मुलाचा कॅमेरा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शटर युनिट दिल्लीहून मागवले आहे, तेही एका मेलेल्या बॉडीतले. पार्सल आले की बसवून देईन. वॉरंटी मात्र माझ्याकडूनही एक महिन्याचीच, आणि ती मी त्याला तोंडावर सांगितली आहे.

आपला,
एक कॅमेरा कारागीर,
रविवार कारंजा, नाशिक