गोल न करणाऱ्याची नोंद कोण घेणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडापानावर येथील छत्रपती शाहू स्टेडियमवरील एका सामन्याचा वृत्तांत वाचला. दोन्ही गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला केले, गोलरक्षकाने कोणते फटके अडवले, सामनावीर कोण ठरला, हे सारे त्यात अचूक होते. तो सामना मी गॅलरीत बसून पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत पाहिला होता. म्हणूनच, विजयी संघाच्या ज्या मुलाने बचावफळीच्या जरासे पुढे उभे राहून मधून येणारी जवळजवळ प्रत्येक चाल मोडून काढली, त्याचे नाव त्या वृत्तांतात एकदाही येऊ नये, हे मला खटकले. यात एकट्या बातमीदाराला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण बक्षीस देणाऱ्या संयोजकांनाही तो दिसला नव्हता आणि माझ्या शेजारी बसून घसा कोरडा होईपर्यंत ओरडणाऱ्यांनाही नाही.

मी स्वतः काही वर्षे पेठेतल्या संघाकडून हाफ म्हणून, म्हणजे बचावफळीच्या पुढच्या त्याच मधल्या जागेवर, खेळलो आहे. त्या काळातली वृत्तपत्रांची कात्रणे घरात एका वहीत चिकटवलेली आहेत. त्यांत माझे नाव दोनदाच आले असून त्यापैकी एकदा ते पिवळ्या कार्डामुळे आले आहे. तेव्हा या पत्रात थोडा स्वार्थ मिसळलेला आहे, हे आधीच कबूल करतो.

त्या सामन्यातला एकच प्रसंग सांगतो. उत्तरार्धात विजयी संघाचा डावा बचावपटू कॉर्नरसाठी पुढे गेला होता आणि चेंडू अडवला जाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या उजव्या विंगरकडे, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूकडे, आला. पुढे सगळी मोकळी जागा होती. मात्र चेंडू हवेत असतानाच हा मुलगा मान वळवून मागे पाहून घेत डाव्या बाजूला सरकला होता. विंगरने मान वर केली तेव्हा त्याच्यासमोर वाट उरली नव्हती. तो थबकला, त्याने चेंडू मागे दिला आणि प्रतिहल्ला तिथेच विरला. टॅकल झाले नाही, कोणी पडले नाही, शिट्टी वाजली नाही, गॅलरीतून आवाजही उठला नाही. घडले काहीच नाही, मग बातमीत काय लिहायचे, ही अडचण मला समजते. पण ते ‘काहीच नाही’ त्या मुलाने घडवून आणले होते.

क्रिकेटने या बाबतीत न्याय केला आहे असे मला वाटते. तिथे निर्धाव षटकांसाठी गोलंदाजाच्या नावापुढे स्वतंत्र रकाना असतो, आणि म्हणूनच १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ निर्धाव षटके टाकणाऱ्या बापू नाडकर्णींचे ३२-२७-५-० हे पृथक्करण आजही लोकांना तोंडपाठ आहे. बळी एकही नाही, तरी माणूस विस्मरणात गेला नाही. फुटबॉलच्या गोलपत्रकात तसा रकानाच नाही.

ही दृष्टी केवळ आपल्याकडेच अधू आहे असे मात्र नाही. २००३ च्या उन्हाळ्यात स्पेनच्या रेआल माद्रिद या क्लबकडे झिदान, फिगो, रोनाल्डो, राऊल असे एकाहून एक तारे होते आणि त्या सर्वांच्या मागे क्लॉद माकेलेले नावाचा ठेंगण्या बांध्याचा फ्रेंच खेळाडू पहारा देत असे. त्याचा पगार त्या ताऱ्यांच्या मानाने फारच कमी होता. तो वाढवून मागितला असता क्लबने नकार दिला आणि त्याला इंग्लंडच्या चेल्सीकडे जाऊ दिले. त्याच उन्हाळ्यात रेआलमध्ये डेव्हिड बेकहॅमचे मोठ्या गाजावाजाने आगमन झाले. म्हणजे शोभा वाढली, पण मागच्या दाराला कडी उरली नाही. पुढच्या हंगामात रेआलने स्पॅनिश लीगमधील अखेरचे पाचही सामने गमावले आणि नुकताच विजेता ठरलेला हा संघ चौथ्या स्थानावर घसरला. लीगचे विजेतेपद परत मिळवण्यासाठी त्याला २००७ पर्यंत वाट पाहावी लागली. इकडे चेल्सीने २००४-०५ मध्ये ३८ सामन्यांत अवघे १५ गोल स्वीकारून इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. त्याचे श्रेय बचावपटू टेरी, कार्व्हालो आणि गोलरक्षक चेक यांनाही आहेच. पण त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वर्दळ आधीच्या चौकात कोण अडवत होते, हे पाहिल्याशिवाय तो आकडा उलगडत नाही. त्या जागेला इंग्लंडमध्ये आजही माकेलेलेच्याच नावाने ओळखतात.

या जागेवर नुसता पहारेकरी असतो, असा समज होऊ नये म्हणून इटलीच्या आंद्रेआ पिर्लोचा उल्लेख करतो. तो मुळात पुढे, आक्रमकांच्या पाठीशी खेळणारा. ब्रेशिया संघात ती जागा रॉबेर्तो बाज्जोची असल्याने प्रशिक्षक मात्सोने यांनी त्याला मागे आणले आणि समोर सारे मैदान उलगडलेले मिळताच हा खेळाडू फुलला. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ११९ व्या मिनिटाला त्याने पेनल्टी क्षेत्राबाहेर चेंडू पायाशी घोळवत ठेवला, तीन-चार बचावपटू आपल्याकडे ओढून घेतले आणि मान न वळवता सहकारी ग्रोस्सोला पास दिला. टाळ्या ग्रोस्सोच्या गोलला मिळाल्या आणि त्या रास्तच होत्या. मला मात्र दरवेळी ते आधीचे दोन-तीन सेकंद पुन्हा पाहावेसे वाटतात.

लांबची उदाहरणे कशाला, असे कोणी म्हणेल, तर गोवा आणि मुंबईकडे पाहावे. मोरोक्कोचा अहमद जाहू २०१७ मध्ये एफसी गोवाकडे आला. त्या संघातला कोरोमिनास गोल करी आणि त्याचे नाव शाळकरी पोरांच्याही तोंडी असे. चेंडू त्याच्याकडे जायचा तो प्रवास बहुधा जाहूच्या पायापासून सुरू होई. २०१९ चा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना अंधेरीच्या मैदानावर झाला. गोलशून्य बरोबरीनंतर जादा वेळेत जाहूला दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले आणि नंतर ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेच्या गोलने बेंगळुरूने चषक नेला. पुढे जाहू मुंबई सिटीकडे गेला. मार्च २०२१ मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्याला झालेल्या याच लीगच्या अंतिम सामन्यात त्याच्या पायातून चेंडू हिसकावला गेला आणि एटीके मोहन बागानने आघाडी घेतली. त्या चुकीची चर्चा भरपूर झाली. थोड्याच वेळात त्यानेच मागून उचलून दिलेल्या लांब पासवर प्रतिस्पर्धी बचावपटू तिरीने डोक्याने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला आणि बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल करून मुंबईला चषक मिळवून दिला. आता कागदोपत्री पाहा: बरोबरीचा तो गोल ‘तिरी, स्वयंगोल’ एवढाच नोंदला जातो. चूक नावावर लागली, पास कोणाच्याच खाती जमा झाला नाही.

२०२४ मध्ये याच जागेवर खेळणाऱ्या मँचेस्टर सिटीच्या रॉद्रीला बॅलन डी’ओर हा वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, मग या जागेची उपेक्षा कुठे राहिली, असा प्रश्न माझ्या एका मित्राने विचारला. प्रश्न वाजवी आहे. पण आपला आक्रमक खेळाडू विनिसियस याला डावलल्याच्या रागात त्या समारंभाला रेआल माद्रिदचे कोणी फिरकले नाही आणि जगभर चर्चा झाली ती विनिसियसला तो का मिळाला नाही याची. रॉद्री स्वतः कुबड्या घेऊन मंचावर आला होता, कारण सप्टेंबरमध्येच त्याचा गुडघा जायबंदी झाला होता. सलग चार वेळा इंग्लंडचा विजेता ठरलेला त्याचा संघ त्यानंतर वर्षअखेरीकडे १३ सामन्यांत एकदाच जिंकला. इतरही दुखापती होत्या, काही खेळाडू थकले होते, हे खरे. तरी एवढी पडझड पाहून त्या जागेचे मोल कोणाला पटले असेल, तर ते तो माणूस मैदानाबाहेर गेल्यावरच.

आपल्याकडच्या स्पर्धांत याचा थेट परिणाम मला दिसतो. चपळ, अंगात खेळ असलेला मुलगा पुढेच खेळायचा हट्ट धरतो, कारण रोख बक्षीस, छायाचित्र आणि मोठ्या संघाचे बोलावणे तिथेच असते. मग मागच्या हाफच्या जागी पळण्यात कमी पडणारा किंवा वय झालेला खेळाडू उभा केला जातो आणि आमचे सामने दोन्ही गोलच्या मध्ये नुसते चेंडू भिरकावण्याचे होतात.

यासाठी दोन सूचना कराव्याशा वाटतात. संयोजकांनी सामनावीर निवडणाऱ्यांना व्यासपीठावर पाहुण्यांच्या गर्दीत न बसवता मध्यरेषेच्या सरळ रेषेत, उंचावर बसवावे, म्हणजे दोन्ही संघांची मधली जागा त्यांना नीट दिसेल. आणि आपल्या प्रतिनिधींनी गोल, कार्डे व सामनावीर यांच्या चौकटीत आणखी एक ओळ द्यावी: मधल्या फळीत मागे कोण खेळले आणि कसे खेळले. वाक्य एकच असले तरी चालेल, टीकेचे असले तरी चालेल.

पुढच्या सामन्याला मी नेहमीच्या जागी असेन. आपल्या प्रतिनिधींनी शेजारी येऊन बसावे आणि पहिली दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता फक्त त्या एका खेळाडूकडे पाहावे, चहा माझ्याकडून.

आपला विश्वासू,
एक जुना हाफ
शिवाजी पेठ, कोल्हापूर