आठवड्यातले तीन दिवस

ती. बाबा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबा नुसतं 'बरं' म्हणाले, म्हणून लिहितेय. नोकरी सोडलेली नाही. एक तारखेपासून तीन दिवसांची केलीय, उरलेले दिवस संगीत नाटक आणि त्यातली पदं लिहिण्याचे. पगार कमी होईल, पण तुमच्या मेडिक्लेमचा हप्ता आणि आईच्या गुडघ्याचे पैसे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लागणार नाही. डबा त्याच काकूंचा आहे, रात्री वरणभात घरीच. वाळले नाहीये.

बाबा, १८८० साली 'शाकुंतल' उभं राहिलं तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर ३७ वर्षांचे होते, सरकारी नोकरीत. आपल्या हरिपूरच्या देवलांची 'शारदा' १८९९ची, म्हणजे वयाच्या ४३व्या वर्षी. मी ३८ची. तुम्हाला हे पाठ आहे, तरी सांगतेय.

'मूड गेला तर काय करशील?' असं आई विचारते. मूडवर ठेवलं तर पावसाळा जातो आणि एक अंतरा होत नाही. तालमीची तारीख बांधली की होतो. मंगळवारी संगीतकार पेटीवर चाल देतात, शनिवारपर्यंत शब्द बसवायचे. सोळा मात्रांच्या मध्यलय तीनतालात बरेच मुखडे, म्हणजे पदाची सुरुवातीची ओळ, नवव्या मात्रेपासून उठतात, म्हणजे समेपर्यंत, तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत, हातात आठच मात्रा. समेवर 'आणि' किंवा 'तर' आलं की पद पडलंच, तिथे वजनदार शब्द हवा. तान घ्यायची तिथे शक्यतो 'आ'चा उच्चार ठेवायचा, इकारावर गळा आवळतो. आणि ओढायच्या सुरावर ऱ्हस्व अक्षर ठेवलं की गाणारी ते ताणते आणि 'दिन'चा 'दीन' होतो. आई, वेणी घालताना तू हेच सुधारायचीस ना, केस ओढून?

चाल कितीही गोड असो, पदाच्या शेवटी पात्र जिथल्या तिथेच असेल तर पद कापायचं. हे जिवावर येतं. पण दोन अंकांना दहा-बारा पदं पुरतात, त्यात वन्समोअर मिळाला तर वेळ आणखी वाढतो.

काकांचं झालं तसं होईल, ही तुमची खरी भीती. नाही होणार. निर्मात्याशी करार लेखीच. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. मी दोन्ही लिहून घेणार. मानधन प्रयोगागणिक. संगीतकाराशी वाटणी पहिल्या चालीआधीच ठरवलीय, नंतर दोघांनाही आपलंच काम जास्त वाटू लागतं. सुरुवात हौशी मंडळीकडून, राज्य संगीत नाट्य स्पर्धेत. तिथे पैसा नाही, पण परीक्षकांसमोर आणि तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर कुठला प्रवेश लांबतो ते कळतं. व्यावसायिक निर्मात्याकडे त्यानंतर जायचं, आधी नाही.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, 'बरं वाटतंय' म्हणून बंद करायची नाही. बाथरूममधली रबरी चटई काढू नका. बाबा, माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढायचं नाही, दिवाळीला मी आल्यावर काढू. भाते उंदरांनी खाल्ले असतील तर असू द्या, दुरुस्त होतील. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

आई, सोबत दुसऱ्या अंकातलं पद आहे. मोठ्याने म्हणून बघ, आणि जीभ अडेल तिथे पेन्सिलीने खूण कर. बाबांकडे दे वाचायला. लगेच नको, चहा झाल्यावर.

तुमची,
छकुली